आतला रॉड की बाहेरची फ्रेम?

नडगीचं हाड मोडून कातडीबाहेर आलं की पहिली लढाई हाडाशी नसतेच, घाणीशी असते. अँटिबायोटिक ताबडतोब, मग जखम धुऊन मेलेला स्नायू कापून काढायचा. चिमट्यात धरल्यावर आकसत नाही, कापल्यावर रक्त येत नाही, तो स्नायू ठेवायचा नाही. हे झालं की प्रश्न येतो: हाड धरून कशानं ठेवायचं?

रॉड गुडघ्याजवळून हाडाच्या पोकळीत जातो, वर-खाली स्क्रूने अडकवतात. बाहेर काही दिसत नाही, पँट घालता येते, पाऊल लवकर टेकवता येतं. जखम स्वच्छ असेल आणि ती काही दिवसांत झाकता येणार असेल, तर माझं मत रॉडलाच. मात्र जंतू पोकळीत शिरले तर ते हाडभर पसरू शकतात.

फ्रेम म्हणजे कातडीतून हाडात घातलेल्या पिना आणि त्यांना बाहेरून जोडणारा सांगाडा. तिचं बरंचसं लोखंड जखमेपासून लांब राहतं. घाण फार असेल, हाडाचा तुकडाच गेला असेल, तर तिला तोड नाही. इलिझारोव्ह रिंगवर, म्हणजे पायाभोवतीच्या कड्यांच्या फ्रेमवर, नट फिरवत हाड हळूहळू ओढून दिवसाला १ मिलिमीटर, तोही चार वेळा थोडाथोडा करून, नवं हाड वाढवता येतं. ५ सेंटिमीटरची भर म्हणजे नुसतं ओढायलाच ५० दिवस. ते टणक व्हायला पुढे कित्येक महिने. तोवर पिनांची भोकं पुसत बसायची, तरी ती अधूनमधून चिघळतातच. झोपेत कूस बदलणं ही वेगळीच कसरत.

पुष्कळदा आधी साधी फ्रेम लावतात, जखम निवळली की रॉड. ही अदलाबदल साधारण दोन आठवड्यांच्या आत झालेली बरी. भोकांत जंतू रुजले की रॉडची वाट धोक्याची.