६२ इंची लाकडी टेकडाउन बो: वर्षभर वापरून मग लिहितेय

आधीच सांगते, मी कुठली स्पर्धा वगैरे खेळत नाही. आम्ही सातारचे, आणि २०२३ ला अदिती स्वामी आणि ओजस देवतळे बर्लिनला तिरंदाजीत वर्ल्ड चॅम्पियन झाले, दोघंही सातारला सराव करणारे, त्यानंतर इथल्या निम्म्या आईबापांना वाटायला लागलं की आपलंही पोर लावून बघू. माझी मुलगी त्याच लाटेत कंपाउंडला, म्हणजे पुल्या लावलेल्या धनुष्याला लागली. मी तिला सोडायला जायचे आणि दोन तास बाकावर बसून शेंगदाणे खायचे, मग एक दिवस म्हटलं हे काय चाललंय, आपणही मारून बघू की. पण मला त्या चाकं, पुल्या, भिंगं लावलेल्या यंत्रात रस नव्हता, साधा लाकडी बो म्हणजे धनुष्य हवं होतं, नेम धरायची साइट नाही, तोल सांभाळणारा स्टॅबिलायझर नाही, बाण पुरा खेचल्याचा आवाज देणारा क्लिकर नाही.

तर घेतला. मध्ये धरायचा लाकडी रायझर, वर खाली वाकणाऱ्या दोन पट्ट्या म्हणजे लिंब्स, दोन बोल्ट फिरवले की सुटतो (म्हणून टेकडाउन) आणि शाळेच्या दप्तरात मावतो. बोटांना लावायचा टॅब, हाताला बांधायचा आर्मगार्ड, दोरी चढवायचा स्ट्रिंगर आणि सहा बाण धरून साधारण ११,००० गेले. बो म्हणून यात खोट काढायला जागा नाही, ग्रिप माझ्या छोट्या हाताला बसते, बाण टेकवायच्या शेल्फवर मऊ पट्टी लावलेली आली, फिनिशिंग तर इतकं छान की यांनी पहिल्यांदा बघून हे भिंतीवर लावायचं आहे का विचारलं.

घोळ झाला तो दुकानात. बो खेचायला किती जोर लागतो ते पौंडात मोजतात, दुकानदार म्हणाला मॅडम २५ पौंड म्हणजे लहान मुलांचं, महिन्यात कंटाळाल, ४० घ्या, लाइफटाइम चालेल. आणि मी घेतले! आता कळतं की लिंब्सवर लिहिलेलं वजन २८ इंच खेचल्यावरचं असतं, माझा ड्रॉ, म्हणजे मी दोरी खेचते ते अंतर, २६ चा, इंचामागे दोन-अडीच पौंड कमी होतात म्हणजे माझ्या बोटांवर ३५ च येत होते, पण ३५ सुद्धा माझ्यासारख्या दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या बाईला भरपूर झाले. कंपाउंडवाल्यांचं बरं असतं, पूर्ण खेचला की पुल्या भार घेतात आणि हातात पाव-एक वजन उरतं, निवांत नेम धरा. आपल्या लाकडी बोला ती सोय नाही, जेवढं मागे जाल तेवढं जड, आणि सगळ्यात जड नेमकं नेम धरायच्या वेळेला.

पहिले दोन महिने मी काय करत होते ते मोबाइलच्या व्हिडिओत दिसलं. डावा खांदा कानाला टेकलेला, उजवी कोपर बाणाच्या रेषेच्या खाली लोंबतेय, हात चेहऱ्याजवळ पोचायच्या आधीच दोरी सुटतेय, आणि सुटताना हात असा बाहेर फेकतेय जणू माशी हाकलली. बाण सगळे डावीकडे. त्यात डाव्या हाताची कोपर आत वळलेली म्हणून दोरीचा फटका, मनगटाच्या वर वीतभर काळंनिळं, ऑफिसात एकीने हळूच बाजूला घेऊन घरी सगळं ठीक आहे ना विचारलं. आता हसू येतं.

मुलीच्या सरांनी एक दिवस लांबूनच बघितलं आणि एवढंच म्हणाले, ताई, हे ४० आधी काढून ठेवा. मग त्याच रायझरला बसणारे २५ चे लिंब्स मागवले, आणि खरा रिव्ह्यू इथून सुरू होतो, कारण टेकडाउन घेण्याचा फायदा हाच, बो बदलायचा नाही, फक्त लिंब्स बदलायचे.

२५ वर पहिल्यांदा मला माझा अँकर, म्हणजे खेचलेला हात चेहऱ्यावर टेकवायची ठरलेली जागा, सापडला. मधलं बोट ओठाच्या कोपऱ्यात, बरोबर वरच्या सुळ्याच्या खाली, दाताला बोट जाणवतं. हे एवढं का महत्त्वाचं ते मुलीने वहीवर काढून दाखवलं. आपल्या बोला साइट नाही, मग मागची साइट म्हणजे आपला चेहरा, आणि बोट गालावर अर्धा सेंटीमीटर जरी वरखाली झालं तरी १८ मीटरवर बाण १२-१३ सेंटीमीटर सरकतो, म्हणजे ४० सेंटीमीटरच्या निशाणाच्या कागदावर पिवळ्याच्या मध्यातला बाण निळं ओलांडून काळ्याच्या कडेला. मी तोवर वाऱ्याला दोष देत होते. घराच्या मागच्या बोळात.

मग नेम सोडूनच दिला. खताच्या पोत्यात जुन्या साड्या, फाटकी बेडशीट, चिंध्या ठासून भरल्या, ते स्टुलावर ठेवलं आणि तीन पावलांवरून डोळे मिटून रोज तीस बाण. कागद नाही, काही नाही. खेचताना हाताने खेचायचं नाही, उजव्या खांद्यामागची फरी मणक्याकडे सरकवायची, कपाटाचा अडकलेला ड्रॉवर कोपराने मागे ओढल्यासारखं, आणि बोटं उघडायची नाहीत, सैल सोडायची, दोरी आपली आपण जाते. नीट सुटला तर हात मानेला घासत कानामागे जातो. तीन आठवडे हेच. शेजारच्या काकूंना वाटलं नवस आहे.

एक गोष्ट मात्र डोळे उघडल्यावर परत यायची, चार बरे गेले की पाचवा खाली. मला कारण कळेना. मुलगी म्हणाली, आई तू सोडायच्या आधीच बघतेस कुठे लागला ते. खरंच होतं ते, बाण बघायच्या घाईत बो चा हात खाली पडत होता. आता बाण लागल्याचा आवाज येईपर्यंत हात तिथेच ठेवते, मनात एक-दोन म्हणते.

घेणाऱ्यांसाठी फुटकळ पण कामाचं. लिंब्स हलके केले की बाणही बदलावे लागतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं, माझे ५०० स्पाइनचे (स्पाइन म्हणजे बाण किती वाकतो त्याचा आकडा) बाण २५ वर फार कडक पडले आणि फॉर्म सुधारूनही डावीकडेच जायला लागले, ९०० चे घेतल्यावर सरळ झाले, इथे आकडा मोठा म्हणजे बाण मऊ. पिसं खरी घ्या, शेल्फवरून मारताना प्लास्टिकची घासून उडतात. दोरी चढवायला स्ट्रिंगरच वापरा, पायात अडकवून वाकवला तर लिंब पिळवटतो. दोरी नवीन असताना ताणते, म्हणून ब्रेस हाइट, म्हणजे ग्रिपपासून दोरीपर्यंतचं अंतर, आठवड्यातून एकदा मोजा, माझ्या बोला पावणेआठ इंचाला आवाज सगळ्यात कमी येतो, कमी भरली तर दोरीला चार पीळ द्यायचे. आणि बाण न लावता दोरी सोडून बघायची नाही, पाहुण्यांच्या हातात द्यायच्या आधी हे वाक्य मी दोनदा म्हणते तरी भाच्याने केलंच.

बोला पाचपैकी साडेचार, अर्धा कापला कारण सोबत आलेला टॅब इतका पातळ होता की बोटं बधिर व्हायची, तो लगेच बदला. दुकानाला एक, तोही पॅकिंग चांगलं होतं म्हणून. गेल्या महिन्यात ३० चे लिंब्स लावून बघितले, वीस बाणांनंतर खांदा परत कानाकडे जायला लागला तशी गुपचूप उतरवले आणि २५ लावले. ४० वाले कपाटावर पडून आहेत, मुलगी म्हणते विकून टाक, बघू.