नवऱ्याला सांगावं की मनातच ठेवावं?

मी इंदूरची, रामबागेत राहते. माझं ब्रेस्ट कॅन्सरचं ऑपरेशन, कीमो सगळं झालंय, त्यामुळे ओळखीत कोणाचं निदान झालं की तिचा फोन येतोच, आणि रिपोर्टचं बोलून झालं की शेवटी हळूच विचारते, ताई, यांच्यासमोर रडू की नको?

गप्प राहणं सगळ्यात सोपं वाटतं, मीही तेच केलं. यांची आधीच दुकान-दवाखाना धावपळ, त्यात आपलं कशाला. घर वरून शांत राहतं एवढाच फायदा. केस गळायला लागले तेव्हा मी बाथरूममध्ये नळ सोडून रडायचे आणि हे बाहेर गॅलरीत उभे, दोघांनाही सगळं माहीत होतं, पण बोलायचं कोणीच नाही. त्या दोन महिन्यांत आम्ही जेवढे लांब गेलो तेवढे लग्नाच्या बावीस वर्षांत कधी गेलो नव्हतो.

नवऱ्याशी बोलणं जास्त अवघड, पण माझं मत त्याच बाजूने आहे. अमेरिकेत अ‍ॅनेट स्टँटन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी २००० साली ब्रेस्ट कॅन्सर झालेल्या ९२ बायकांचा अभ्यास छापला, तीन महिने त्यांच्याकडे लक्ष ठेवून. ज्या मनातलं बोलून दाखवायच्या त्यांचा मानसिक त्रास कमी झाला, अंगात उत्साह जास्त राहिला. एकटीने आतल्या आत उकरत बसणं मात्र जास्त त्रासाशी जोडलेलं निघालं. आणि हो, ऐकणारं माणूस कसं आहे यावरही बरंच ठरतं. पुरुष लगेच उपाय सांगायला लागतात, म्हणून आधीच सांगायचं, काही सुचवू नका, नुसतं ऐका.

जवळ येण्याचंही बोला गं, लाजू नका. हार्मोनच्या गोळ्या पाच वर्षं किंवा जास्तही चालतात, त्याने कोरडेपणा येऊ शकतो, दुखतं, आणि आपण सांगितलं नाही तर त्यांना वाटतं हिला मीच नकोय. डॉक्टरांना विचारा, यावर उपाय असतात. कॅन्सर स्पर्शाने लागत नाही हेही काही नवऱ्यांना सांगावं लागतं.

आपल्यासारखाच कॅन्सर झालेल्या बायकांच्या ग्रुपमध्ये समजावून सांगावं लागत नाही, ते सुख वेगळंच. फक्त ग्रुपमुळे आयुष्य वाढतं असं कोणी म्हटलं तर धरून बसू नका. कॅनडात शरीरात पसरलेल्या ब्रेस्ट कॅन्सरच्या २३५ बायकांवर अभ्यास झाला, २००१ साली छापून आला, त्यात आयुष्य वाढलं नाही, पण मनाचा त्रास आणि वेदना कमी झाल्या, ज्या आधीच जास्त खचलेल्या होत्या त्यांना विशेष.

नवरा ऐकतच नसेल, चिडत असेल, तर त्याच्याच मागे लागू नका. बहीण, मैत्रीण, काउन्सेलर कोणीही चालेल. टेलिमानस म्हणून सरकारची मनाच्या त्रासासाठी हेल्पलाइन आहे, तिचा १४४१६ नंबर फुकट आहे, रात्रीबेरात्री लागतो.

आम्हाला समोरासमोर बसून कधीच जमलं नाही. मग जेवण झालं की राजवाड्यापर्यंत पायी जायचो, चालताना तोंडाकडे बघावं लागत नाही ना, तिथेच पहिल्यांदा हे म्हणाले की मलाही भीती वाटते.