टीबी गोल्ड : रक्त चोख घेतात, रिपोर्ट अर्धवट देतात

कॉलेज रोडवरच्या या लॅबमध्ये टीबी गोल्डसाठी, म्हणजे टीबीचा संसर्ग पाहणाऱ्या रक्ताच्या टेस्टसाठी, बरीच गर्दी असते. कुणाला सांधेदुखीचं बायोलॉजिक इंजेक्शन सुरू व्हायचं असतं, कुणाच्या घरात टीबीचा पेशंट निघालेला असतो. रक्त घेण्यात नाव ठेवायला जागा नाही. राखाडी, हिरवी, पिवळी, जांभळी अशा चार नळ्या, प्रत्येकीत खुणेपर्यंत 1 मिली. मग प्रत्येक नळी 10 वेळा हलवतात, आतली बाजू रक्ताने माखेल इतपतच. जोरात घुसळली तर तळाचं जेल फुटतं आणि आकडे बिघडतात. नळ्या 16 तासांच्या आत 37 अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये जायला हव्यात. संध्याकाळी घरी बोलावणार असाल तर त्या रात्रीच लावणार का, हे आधीच विचारा.

तक्रार आहे ती रिपोर्टबद्दल. आकडा 0.35 वर गेला की वर 'टीबी', खाली ठळक 'पॉझिटिव्ह', बस. काउंटरवर उत्तर एकच, 'डॉक्टरांना दाखवा'. तोवर घरात ताट-वाटी वेगळी झालेली असते (टीबी ताट-वाटीने पसरतही नाही). खरं तर या पॉझिटिव्हचा अर्थ शरीराची टीबीच्या जंतूशी गाठ पडली आहे, एवढाच. खोकला-ताप नाही, एक्स-रे साफ, तर तो दबलेला संसर्ग. तो दुसऱ्याला लागत नाही. अशांपैकी साधारण 5 ते 10 टक्के लोकांना पुढे कधीतरी रोग होतो. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांवर हा धोका वाढतो, म्हणून तर इंजेक्शनाआधी ही टेस्ट.

उलट, रोग असूनही ती निगेटिव्ह येऊ शकते. दोन आठवड्यांवर खोकला, संध्याकाळचा ताप, वजन उतरणं यांपैकी काही असेल तर छातीचा एक्स-रे आणि थुंकीत टीबीचा जंतू शोधणारी सीबीनॅट किंवा ट्रूनॅट टेस्ट करा. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. हे आधी तपासायचं कारण औषधात आहे. संसर्गाला एक-दोन औषधं पुरतात, रोगाला सुरुवातीला चार लागतात. रोग लपलेला असताना एकच गोळी चालू केली तर जंतू तिला जुमानेनासे होतात.

स्वस्तातली, हाताच्या कातडीत टोचून करायची मॉन्टू टेस्टही इथे होते, पण लहानपणीच्या बीसीजी लसीमुळे ती फसू शकते. वाचताना लाली नाही, हाताला लागणारी टणक गाठ मिलिमीटरमध्ये मोजायची, तीही 48 ते 72 तासांत. रविवारी लॅब बंद, त्यामुळे शुक्रवारी सकाळी टोचून घेऊ नका. सोमवारी उघडेपर्यंत 72 तास संपत आलेले असतात.