तीन ‘न’, तीन वेगळी पानं: पानाफुलांच्या मराठी फाँटपायी माझे ३४,५०८ रुपये ८२ पैसे गेले

आकडा आधीच सांगून टाकते. चौतीस हजार पाचशे आठ रुपये ब्याऐंशी पैसे. पैशांपर्यंत का सांगतेय ते पुढे कळेल. त्या ब्याऐंशी पैशांनीच माझा घात केला.

मी हातकागदाच्या पेट्या, डायऱ्या, हळदीकुंकवाच्या वाणाची पाकिटं करते. अकरा वर्षं झाली. कागद पुण्यातल्या शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतून आणते, १९४० सालची संस्था आहे ती, आणि छपाईची स्क्रीन घरीच, गच्चीवरच्या खोलीत मारते. हे सगळं अशासाठी सांगतेय की ऐकणारा प्रत्येक जण आधी “अहो, तुम्ही एवढ्या शिकलेल्या, आणि तुम्ही?” असंच म्हणतो. हो, मीच. ओटीपी कुणाला सांगू नये हे मला कळतं. आज रात्री वीज तोडणार म्हणून फोन करणाऱ्या एकाला मी असा झापलाय की त्याने पुन्हा नाव काढलं नाही. पण इथे ओटीपी कुणी मागितलाच नाही. जी वस्तू माझ्या गळ्यात मारली, तीच मी दोन वर्षं शोधत होते.

गिऱ्हाईक मोबाईलवर इंग्रजी नमुना घेऊन येतं. अक्षरांतून पानं फुटलेली, वेली चढलेल्या, कळ्या लोंबतायत. आणि म्हणतं, “काकू, अगदी असंच, पण मराठीत.” इंग्रजीत असे फाँट पैशाला पासरी. सव्वीस मोठी अक्षरं आणि सव्वीस छोटी काढली की बहुतेक काम उरकतं. मराठीत काना-मात्रा-वेलांटी बसवा, वर शिरोरेषा सांभाळा, आणि जोडाक्षरं तर संपता संपत नाहीत. एक फाँट म्हणजे शेकडो चित्रं. म्हणून आपल्याकडे पानाफुलांचा धड फाँट सहज मिळत नाही. आणि हेच त्या भामट्याला पक्कं ठाऊक होतं.

डिसेंबरात १४० पेट्यांची ऑर्डर आली, नगाला २४० रुपये. मुलीकडचे पुण्याचे, मुलाकडचे अकोल्याचे. झाकणावर वधूवरांची नावं आणि आत ‘समस्त वऱ्हाडी मंडळींना सप्रेम भेट’. सगळं पानाफुलांच्या अक्षरात. बारा हजार आगाऊ घेतले आणि त्याच आठवड्यात मोबाईलवर जाहिरात दिसली. वेलबुट्टीचा मराठी फाँट, धंद्याच्या लायसन्ससकट, ऑफर आज रात्री बारापर्यंत. नमुन्याला घराच्या पाटीवर एक शब्द लिहिलेला: नंदनवन.

आता नीट वाचा. ‘नंदनवन’मध्ये तीन न आहेत. त्या पाटीवर पहिल्या न ला आंब्याचं पान होतं, दुसऱ्याला तुळशीचा तुरा, तिसऱ्याला वेलीचा आकडा. तीन न, तीन वेगळी पानं. फाँटमध्ये कीबोर्डच्या एका कळीला एक चित्र असतं, न दाबला की दर वेळी तोच न उमटतो. पर्यायी अक्षरं घातलेले फाँट असतात, नाही असं नाही, पण ज्याने तेवढी मेहनत घेतली तो ती आधी मिरवेल ना! हा त्याबद्दल चकार शब्द बोलला नाही. म्हणजे ती पाटी टाईप केलेलीच नव्हती, ते नुसतं चित्र होतं. मी दिवसभर अक्षरांत डोळे घालून बसणारी बाई, आणि मी त्याला काय लिहिलं माहितीये? “प्रत्येक पान वेगळं, किती सुंदर!” तो मेसेज अजून फोनमध्ये आहे. पुसावासा वाटतो, पण पुरावा आहे म्हणून पुसता येत नाही.

एवढ्यावर थांबलं असतं तरी ठीक. मी स्वतःला हुशार समजते, म्हणून परीक्षा घेतली. म्हटलं, “मला ‘ज्ञानेश्वरी’ टाईप करून दाखवा.” तो म्हणाला, “हो ताई, लगेच.” दुपारी सव्वादोनला विचारलं, पावणेपाचला चित्र आलं. अडीच तास! चार अक्षरं टाईप करायला दहा सेकंद लागतात. तो ती बसून काढत होता, नाहीतर यंत्राकडून काढून घेत होता. आणि मी आमच्या ह्यांना सांगितलं की बघा, किती मन लावून काम करतो पोरगा. हे तेव्हा काही बोलले नाहीत. आता रोज बोलतात.

पैसे असे गेले. फाँटचे २,४९९. धंद्यासाठी वापरायचं ‘आजन्म’ लायसन्स ७,५००. फाइल आली तर जोडाक्षरं तुटलेली, प्र च्या जागी प, त्याला पाय मोडलेला आणि शेजारी र. तर म्हणे जोडाक्षरांचा संच वेगळा असतो, त्याचे ४,५००. इथे थांबायला हवं होतं हे मलाही कळतं, पण तोवर ९,९९९ गेले होते आणि लग्न सत्तावीस दिवसांवर. तुम्ही थांबला असता का? खरं सांगा.

शेवटी मी पक्कं बिल मागितलं. फसणारी बाई पक्कं बिल मागते का हो? त्याने अठरा टक्क्यांनी जीएसटी लावला, १४,४९९ वर २,६०९ रुपये ८२ पैसे. त्या ८२ पैशांनी मी निवांत झाले. चोर पैशांपर्यंत हिशोब कशाला करेल, असं वाटलं. एकूण १७,१०८ रुपये ८२ पैसे. बिलावर जीएसटी नंबरही होता, सुरुवातीला महाराष्ट्राचा २७. फक्त तो चौदा अक्षरांचा होता. खरा पंधरा अक्षरांचा असतो. मोजा! जीएसटीच्या साइटवर नंबर टाकला की नोंदणी कुणाच्या नावावर आहे ते कुणालाही दिसतं, पैसे पडत नाहीत. मी महिन्यानंतर टाकून पाहिला.

सोबत लायसन्सचं प्रमाणपत्रही आलं. सोनेरी शिक्का, क्यूआर कोड, माझं नाव वळणदार अक्षरात. त्यावर फाँट कुणी बनवला त्याचं नाव नव्हतं. ते नसेल तर तो कागद भेळीला वापरा.

जोडाक्षरांचा संच आल्यावर अक्षरं बरी दिसायला लागली. ल मात्र उभ्या दांडीचा, हिंदीसारखा, आणि श चंही तेच. राज्य सरकारने २०२२ च्या शासन निर्णयात पाकळीचा ल आणि देठाचा श वापरा म्हणून सांगितलंय. पानाफुलांच्या फाँटला पाकळी नाही आणि देठही नाही! मी हसले आणि पुढे गेले. हसायला नको होतं. ज्याला आपला ल कसा असतो ते ठाऊक नाही, तो ‘मराठी माणसाने मराठी माणसाला मदत नाही करायची तर कुणी, ताई’ म्हणत होता.

फिल्म काढली, दोन स्क्रीन बनवून घेतल्या, ६५० प्रमाणे १,३००. तीन दिवस छापलं. हातकागदावर शाई जरा फुटते, बारीक वेली भरून येतात, म्हणून माझं सगळं लक्ष वेलींवर. पेट्या अकोल्याला गेल्या आणि दुसऱ्या दिवशी मुलाकडच्यांचा फोन. मुलाचे आजोबा निवृत्त मराठी शिक्षक. म्हणाले, “बाई, आम्ही वऱ्हाडातले. आमच्याच वऱ्हाडाची अशी वाट लावलीत?”

छापलं होतं ‘वर्हाडी’. ऱ्ह नाही, रफार. मी टाईप बरोबर केलं होतं, पण त्याने ऱ्ह च्या जागी र्ह चंच चित्र चिकटवून ठेवलेलं, आणि रफारावर असं एक पान पसरलेलं की माझ्या डोळ्याला ते पानच वाटलं. १४० पेट्या. साहित्य आणि मजुरी धरून नगाला ११५, म्हणजे १६,१००. आगाऊ घेतलेले बारा हजार परत केले, ते मी नुकसानीत धरत नाही, ते माझे नव्हतेच. गिऱ्हाईक गेलं त्याचे किती धरायचे, मला माहीत नाही.

खरी लाज पुढे आहे. बहिणीचा मुलगा डिझाईन शिकतो. त्याने फाइलवर राइट-क्लिक करून प्रॉपर्टीज, मग डिटेल्स उघडलं, आणि तिथे मूळ फाँट कुणाचा ते सरळ लिहिलेलं. पठ्ठ्याने वरचं नाव बदललं होतं, आतली ओळ बदलायचा आळस केला होता. मूळ फाँट ओपन फाँट लायसन्सखाली आहे. म्हणजे कुणीही फुकट उतरवून घ्यावा, विकायच्या वस्तूंवर खुशाल छापावा. मनाई आहे ती नुसता फाँट विकायला, आणि यानं नेमकं तेच केलं. भाचा म्हणाला, “मावशी, तू फुकटची गोष्ट सतरा हजारांना घेतलीस.” एवढं स्पष्ट सांगायची गरज नव्हती.

पानं तरी त्याची होती का? तीही नाहीत. भाच्याने चित्रावरून शोध घेतला तर ती परदेशातल्या एका चित्रकर्तीच्या संचातली निघाली, फक्त घरगुती वापरासाठी दिलेली. म्हणजे तोवर त्या पानांच्या ज्या डायऱ्या मी छापल्या होत्या, त्यातली चोर मी. तिला मेल लिहून माफी मागितली. तिने सभ्यपणे लिहिलं की उरलेल्या विकू नका. ४६ डायऱ्या माळ्यावर आहेत. ‘फाँटवाल्याने सांगितलं होतं’ हे उत्तर कुठेही चालत नाही. वस्तू ज्याने विकली त्याला धरतात.

आता ज्यांच्याकडे दाद मागायची त्यांचं ऐका. बँकेत साहेब म्हणाले, “यूपीआयचा पिन तुम्हीच टाकलात ना? मग व्यवहार तुमच्या मर्जीने झाला.” मर्जीने! (पैसे गेल्याचं कळलं की त्याच घटकेला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, पुढच्या खात्यातून निघण्याआधी रक्कम अडवता येऊ शकते. मला फसल्याचं कळायलाच एकोणीस दिवस लागले, तोवर काय राहतंय तिथे.)

मग ठाण्यात. पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या दिवशी भेटले, त्यांनी विचारलं, “फाँट म्हणजे?” मी पेटी दाखवली. ते म्हणाले, “म्हणजे अक्षर विकत घेतलं? अक्षर पण विकतात?” शेजारचा हवालदार हसला. मग साहेबांचा मुद्दा: “फाइल मिळाली ना तुम्हाला? मग फसवणूक कशी? हे दिवाणी आहे.” मी म्हटलं, खोटं बिल, खोटं लायसन्स, भारतीय न्याय संहितेचं ३१८ लागतं, जुनं ४२०. ते म्हणाले, “कलमं आम्हाला शिकवू नका मॅडम.” तिसऱ्या दिवशी सायबरला पाठवलं. सायबरवाले म्हणाले, रक्कम लहान आहे, हद्दीतल्या ठाण्यात जा. चौथ्या दिवशी हद्दीतल्या ठाण्यात साधा अर्ज घेतला, शिक्का मारला, गुन्हा नोंदवला नाही. शिक्का मारताना तोच हवालदार म्हणाला, “त्यात काय एवढं, एक टिंब इकडचं तिकडे.” टिंब! रफार आणि ऱ्ह यातला फरक शाळेत मार्क कापून शिकवतात, आणि वर्दीतला माणूस त्याला टिंब म्हणतो. लाखांच्या घोटाळ्याची बातमी होते. सतरा हजारांत माझं तीन महिन्यांचं सामान येतं, आणि ते लहान.

ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, हे तिथे गेल्यावर कळलं, चांगलं आहे. पण समोरच्याचं नाव आणि पत्ता लागतो. माझ्याकडे दहा आकडी मोबाईल नंबर आणि पानाचं बोधचिन्ह. तेव्हा पैसे द्यायच्या आधी पत्ता मागा. आणि नमुन्याला शब्द तुम्ही द्या: तऱ्हा, वऱ्हाड, ज्ञ, क्ष, ळ, आणि एकच अक्षर तीनदा येईल असा एक. व्हिडिओ कॉलवर, तुमच्या डोळ्यांसमोर टाईप करायला लावा.

परवा ठाण्यातून फोन आला. मला वाटलं, सापडला. हवालदार म्हणाला, “मॅडम, तो फाँट आता कुठाय? मुद्देमाल म्हणून जमा करायला लागेल.” मी म्हटलं, कॉम्प्युटरमध्ये आहे. म्हणाला, “मग पेन ड्राइव्ह घेऊन या, नवीन, सीलबंद पाकिटातला. पावती पण आणा.”

३४९ रुपये. म्हणजे एकूण ३४,८५७ रुपये ८२ पैसे.