बटमोगरा की अनंत: ३१ महिने दोन्ही सांभाळल्यावर

जून २०२३मध्ये एकाच दिवशी दोन रोपं आणली. बटमोगरा ८० रुपयांना, अनंत १५० रुपयांना. आम्ही पुण्यात चौथ्या मजल्यावर राहतो; घराला पूर्वेची गॅलरी आहे आणि वर गच्चीचा एक कोपरा झाडांसाठी मिळाला आहे. दोन्ही झाडं पांढऱ्या फुलांची, वासाची, एकदा लावली की वर्षानुवर्षं राहणारी. त्यामुळे एकाला जे घालू ते दुसऱ्यालाही चालेल असं मी धरून चालले होते. त्या समजुतीपायी अनंताचं पहिलं वर्ष वाया गेलं. बोअरचं किंवा टँकरचं पाणी वापरणाऱ्यांनी अनंत घ्यायच्या आधी हे जरूर वाचावं.

खरेदीपासून सुरुवात करते. हातगाडीवर अनंत म्हणून पुष्कळदा डबल तगर देतात. फूल लांबून सारखंच दिसतं. एक पान तोडून बघायचं. देठातून पांढरा चीक आला तर ती तगर, अनंताला असा चीक नसतो. मला अनंत खरा मिळाला, पण दोन्ही रोपांच्या मुळांभोवती चिकट मातीचा घट्ट गोळा होता. रोपवाटिकेत सांगितलं, "गोळा फोडू नका, तसंच लावा." मी ऐकलं. वर्षभराने अनंताची कुंडी बदलताना पाहिलं तर बाजूची माती ओली आणि तो गोळा आतून कोरडा खडखडीत. मुळं तिथल्या तिथे गुंडाळलेली. आता मी कुठलंही रोप आणलं की बादलीभर पाण्यात तासभर ठेवून तो गोळा हलक्या हाताने सैल करते आणि मगच लावते.

मोगऱ्याचं पहिलं वर्ष माझ्या हौसेने बिघडवलं. दर पंधरा दिवसांनी गांडूळखत घालत होते, रोज पाणी. झाड हिरवंगार झालं, फांद्या कठड्याबाहेर गेल्या आणि २०२४च्या उन्हाळ्यात फुलं आली एका वेळी पाच-सात. मोगरा नव्या फुटव्यावर फुलतो, आणि मी जुनी फांदी एकही कापली नव्हती. शिवाय कुंडी गॅलरीत होती, जिथे ऊन जेमतेम साडेतीन तास. मोगऱ्याला किमान सहा तास कडक ऊन लागतं, त्याशिवाय भरपूर कळी धरत नाही.

पुढच्या हिवाळ्यात कुंडी गच्चीवर नेली. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात पाणी तोडलं. आठ-दहा दिवसांत पानं मलूल झाली. बघवत नव्हतं, पण हात आवरला. मग उरलेली पानं ओरबाडून काढली, प्रत्येक फांदी एक तृतीयांश छाटली, वरची दोन इंच माती उकरून शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड मिसळली आणि भरपूर पाणी दिलं. मार्चच्या मध्यावर पहिल्या कळ्या दिसल्या. एप्रिलमध्ये एका संध्याकाळी मी ५८ कळ्या खुडल्या. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर तो आकडा अजून आहे. एक बहर संपला की फुललेल्या फांद्यांचे शेंडे दोन पेरं खाली कापायचे, साधारण महिन्याभरात पुढचा बहर येतो. असे तीन बहर घेतले. पावसाळ्यात फूल तुरळक झालं.

त्रास म्हणाल तर एप्रिल-मेमध्ये लाल कोळी येतो. पानाच्या मागे बारीक जाळं दिसतं आणि पान फिकट, ठिपकेदार होतं. रोज सकाळी पानांच्या खालच्या बाजूवर जोरात पाणी मारलं की आटोक्यात राहतो. कळी पोखरणारी अळीही येते. जांभळट झालेल्या, एकमेकींना चिकटलेल्या कळ्या दिसल्या की तोडून पिशवीत बांधून टाकायच्या, झाडाखाली पडू द्यायच्या नाहीत. मोगऱ्याबद्दल यापेक्षा जास्त तक्रार नाही.

आता अनंत. यावर लांबण लावणार आहे, कारण मी शिकले ते इथेच.

पहिला पावसाळा त्याने मस्त काढला. पानं गडद, चकचकीत. दिवाळीनंतर नवी पानं पिवळी यायला लागली, पण शिरा मात्र हिरव्याच. मला वाटलं उपाशी आहे, म्हणून खत वाढवलं. कॅल्शियम मिळावं म्हणून अंड्याची टरफलं कुटून घातली. गावाहून आणलेली चुलीची राखही घातली. पिवळेपणा वाढला. कोणी सांगितलं म्हणून चमचाभर हिराकस पाण्यात विरघळवून दिलं, फरक शून्य. ताकाचं पाणी दिलं, तर मुंग्या आल्या आणि वास सुटला. २०२४च्या मेमध्ये १७ कळ्या धरल्या, त्यातल्या १४ न उमलताच गळल्या.

आमच्या इमारतीत एक काका कृषी खात्यातून निवृत्त झालेले आहेत. त्यांनी पानाकडे पाहिलंच नाही, कुंडीच्या काठावरचा पांढरा थर नखाने खरवडला आणि विचारलं, "पाणी कुठलं घालतेस?" त्यांनीच दिलेल्या कागदी पट्टीवर आमच्या बोअरच्या पाण्याचा सामू (पीएच, म्हणजे आम्लपणाचं माप) ८ आला. अनंताला लागतो साधारण ५ ते ६. हे झाड कॉफीच्या कुळातलं, आणि कॉफीसारखीच त्याला आम्ल माती हवी असते. जड पाण्यातले क्षार कुंडीत साठत गेले की माती विम्लधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट, होते, आणि अशा मातीत लोह असूनही मुळांना उचलता येत नाही. म्हणून नवं पान पिवळं पडतं. हिराकसातलं लोहही अशा मातीत लगेच अडकून बसतं. आणि मी वरून टरफलं आणि राख घालत होते, म्हणजे तोच रोग स्वतःच्या हाताने वाढवत होते. पावसाळ्यात झाड खुश का होतं ते तेव्हा कळलं. चार महिने त्याला आकाशाचं पाणी मिळत होतं.

माझं सासर कणकवलीकडे आहे. तिथे विहिरीजवळ अनंत कौलांच्या वर गेलेला आहे. मी फोनवर विचारलं, "आई, तुम्ही त्याला काय घालता?" त्या म्हणाल्या, "अगो, काय घालणार? पातेरा पडतो तोच." जांभ्याची आम्ल माती, मुसळधार पाऊस आणि कुजलेला पातेरा, म्हणजे पानांचा पाचोळा. त्याला हवं ते सगळं तिथे आपसूक आहे. आमच्या पुण्याकडची काळी माती बेसॉल्टची, मुळातच विम्ल.

जून २०२४मध्ये कुंडी पूर्ण बदलली. लाल माती, कोकोपीट आणि पानांचं कुजलेलं खत समप्रमाणात, वर दोन चमचे गंधकाची भुकटी. गंधक लगेच काम करत नाही. मातीतले जिवाणू त्याचं हळूहळू आम्ल करतात, त्यात आठवडे जातात. तोवर चिलेटेड लोह दिलं, म्हणजे मातीत सहज अडकू नये असं बांधून ठेवलेलं लोह. दुकानात दोन प्रकार असतात. ईडीटीए स्वस्त आहे, पण सामू साडेसहाच्या वर गेला की निकामी होतं. ईडीडीएचए महाग, पण विम्ल मातीतही टिकतं. पाण्यात टाकलं की गडद लाल रंग येतो. मी दुसरं घेतलं, पुडीवरच्या मापाने महिन्यातून एकदा. तीन आठवड्यांत नवी पानं हिरवी आली. जुनी पिवळी पानं मात्र तशीच राहून गळली.

पाण्याची सोय अशी केली: पावसाचं पाणी झाकणाच्या पिंपात साठवते, ते डिसेंबरपर्यंत पुरतं. उन्हाळ्यात शेजारच्यांच्या एसीच्या नळीखाली बादली ठेवते. ते पाणी हवेतली वाफ थंड होऊन आलेलं असतं, त्यात क्षार जवळपास नसतात. आरओचं बाहेर टाकलेलं पाणी मात्र अनंताला कधीही घालू नका, सगळे क्षार त्यातच उतरलेले असतात.

जागा गॅलरीतलीच ठेवली. सकाळचं ऊन आणि दुपारची सावली त्याला मानवते. कळ्या धरल्यावर कुंडी हलवायची नाही आणि माती एकदाही पूर्ण सुकू द्यायची नाही. मुळं वरवरची असतात, त्यामुळे मोगऱ्यासारखं उकरायचंही नाही, वरून पानांचं खत पसरायचं. पिठ्या ढेकूण आला तर कापसाच्या बोळ्याने पुसून साबणाचं पाणी फवारते.

२०२५च्या मे ते जुलैमध्ये मला ११ फुलं मिळाली. मोगऱ्याच्या एका संध्याकाळच्या पाचव्या हिश्श्याएवढी. तरी त्यातलं प्रत्येक फूल मला आठवतं. अनंत पांढरा उमलतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सायीसारखा पिवळसर होतो आणि तोवर वास भरून राहतो. बोट लागलं की पाकळी तपकिरी होते, म्हणून गजऱ्याला कामाचं नाही. वाटीत पाणी घालून एकच फूल ठेवायचं. मोगऱ्याची कळी दुपारी चारनंतर खुडून ओल्या फडक्यात ठेवली तर रात्री घरातच उमलते. खुडल्यावरही वास देत राहायचा गुण तिच्यात आहे, म्हणून तिचा गजरा होतो. केळीच्या सोपटात ओवलेला गजरा देवाला घालावा, केसात माळावा, उरलेली फुलं माठात टाकावी.

एकाच कुंडीची जागा असेल, गच्चीवर ऊन असेल आणि पाणी जड असेल तर मोगराच घ्या, यात मला शंका नाही. कोकणात किंवा गोव्यात अंगण असेल तर अनंत आधी लावा. पुण्यात अनंत हवाच असेल तर पहिल्या दिवसापासून पावसाच्या पाण्याचं पिंप आणि ईडीडीएचएची पुडी खर्चात धरा. मला वर्षाला साधारण ४०० रुपये लागतात, आणि त्या ११ फुलांसाठी मी ते पुन्हा देईन.

पावसाळ्यात दोन्हींची रोपं केली. मोगऱ्याची फांदी शेजारच्या कुंडीत दाबून दीड महिन्यात मुळं सुटली. अनंताच्या चार काड्यांपैकी दोन जगल्या, त्यातली एक आईंच्या अंगणात गेली आहे. मोगऱ्याचं पाणी परवा तोडलंय, पानं कोमेजायला लागली आहेत. येत्या रविवारी छाटणी.