मागच्या चाकाचे सहा स्टड बदलले, त्याला आठ महिने झाले

गेल्या सप्टेंबरात, टोमॅटोचा हंगाम ऐन भरात असताना, माझ्या पिकअपच्या मागच्या डाव्या चाकाचे दोन स्टड तुटले. स्टड म्हणजे चाक ज्यांवर बसवून नट आवळतात ते आट्यांचे खुंटे. मग सहाच्या सहा नवे टाकले. त्यावर पिंपळगाव ते वाशी अशा साठ-पासष्ट फेऱ्या झाल्या, म्हणजे साधारण २६ हजार किलोमीटर. नवीन स्टड टाकल्या टाकल्या सगळंच झकास वाटतं, म्हणून तेव्हा काही लिहिलं नाही. आता लिहितो.

तुटले कसे ते आधी. घोटीच्या अलीकडे मागून टक् टक् आवाज यायला लागला. गाडी हळू केली की आवाजही हळू. टायरच्या नक्षीत खडा अडकला असेल म्हणून पाच-सात किलोमीटर तसाच गेलो, हा पहिला गाढवपणा. ढाब्यावर उतरून बघतो तर दोन नट जागेवरच नाहीत, स्टडसकट गायब. तिसरा नट बोटांनी फिरत होता. आणि डिस्कच्या, म्हणजे टायर बसतो त्या लोखंडी चकतीच्या, भोकांपासून बाहेरच्या बाजूला तपकिरी ओघळ, विड्याची पिंक टाकल्यासारखे. ते ओघळ मला धुताना आधी दोनदा दिसले होते. चिखल समजून पुसले होते. नट सैल असला की डिस्क मागच्या ब्रेकच्या ड्रमवर घासत राहते, त्याचा लोखंडी भुगा गंजून असा बाहेर येतो. हे मला नंतर कळलं.

गाडीत ७५ क्रेट, वीस किलोचा एक, म्हणजे दीड टन माल. पुढे कसारा घाट. चार नटांवर हळूहळू उतरून जाऊ असा विचार मिनिटभर आला, खोटं कशाला बोलू. मग ओळखीच्या दुसऱ्या गाडीत माल चढवला, भाडं त्याला दिलं आणि तिसरा नट हाताने जमेल तेवढा आवळून रिकामी गाडी वीस-पंचवीसच्या वेगाने परत आणली. दर दोन किलोमीटरला उतरून बघत होतो.

ड्रममध्ये राहिलेला एक तुकडा मिस्त्रींनी ठोकून काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. "बघा, हा आज नाही तुटला." तुटलेला भाग नीट बघितला. निम्म्याहून जास्त भाग काळपट, गुळगुळीत, आणि त्यावर शिंपल्यावर असतात तशा बारीक वाकड्या रेघा. उरलेला भाग साखरेच्या दाण्यासारखा खरखरीत आणि चकचकीत. काळा भाग म्हणजे जुनी चीर. ती दर फेरीला थोडी थोडी आत सरकत होती. चकचकीत तेवढा भाग त्या दिवशी तुटला. दुसरा स्टड बहुतेक पहिल्याचा भार अंगावर आल्यामुळे गेला.

आता दोष कुणाचा? टायरवाल्याचा थोडा आहेच. तो हवेच्या गनने नट ठासतो, वर पान्यात पाइप घालून उभा राहतो. सत्तर किलोचा माणूस दोन फुटी पाइपच्या टोकावर उभा राहिला तर चारशे न्यूटन-मीटरच्या (हे पिळण्याच्या जोराचं माप) पुढे जोर जातो. माझ्या गाडीच्या पुस्तकात ११० लिहिलंय. स्टड हा खरं तर अगदी ताठ स्प्रिंगसारखा असतो. नट आवळला की तो केसभर ताणला जातो, आणि त्या ओढीने डिस्क ड्रमला चिकटून राहते. चाक धरतं ते त्या दाबामुळे. स्टडच्या खुंटीवर ते नुसतं टांगलेलं नसतं. हद्दीपलीकडे ताणला की स्टड परत मूळ लांबीला येत नाही, पाहिजे तेवढी ओढ देत नाही, आणि पुढे एखाद्या घाटात दगा देतो.

पण अर्धा दोष माझा. दसऱ्याला गाडी नवी दिसावी म्हणून आदल्या वर्षी मी डिस्कना चंदेरी रंग मारून घेतला होता. दोन हात, जाड. पुढून मारला तसा मागूनही, आणि नट बसतो त्या खळग्यांतही. डिस्क आणि ड्रमच्या मध्ये रंगाचा थर राहिला की तो दाबाने आणि गरमीने हळूहळू दबतो, आणि नट न फिरताच सैल पडतो. मिस्त्रींनी नखाने पापुद्रा काढून दाखवला. म्हणजे ठासून आवळलेले नट आणि त्याखाली लोण्यासारखा रंग. असो, गाडीचे फोटो त्या दसऱ्याला छान आले होते.

स्टड घेताना दुकानदाराने दोन डब्या समोर ठेवल्या. एक २५ रुपयांचा, डोक्यावर काहीच छाप नाही. दुसरा ८० चा, डोक्यावर १०.९ असा ठसा. हा आकडा पोलादाची ताकद सांगतो. ८.८ पेक्षा १०.९ जास्त ताण सोसतो. सहाचे मिळून ३३० रुपयांचा फरक होता, आणि मी ७५ क्रेटचं भाडं नुकतंच घालवलेलं. ठशाचे घेतले. सोबत जुना स्टड नेला होता ते बरं झालं. जाडी आणि आटे जुळले तरी स्टड भोकात घट्ट रुतवणाऱ्या मागच्या दात्यांचा घेर वेगळा निघू शकतो, आणि तो जुळला नाही तर स्टड भोकात गरगर फिरतो. नटही सहा नवीन घेतले. जुन्यांचे आटे ओढले गेले होते.

काम ऐकायला सोपं आहे. चाक काढा, हँडब्रेक सोडा, ड्रम काढा, जुना स्टड मागे ठोका, नवा मागून घाला. ड्रमनेच दीड तास खाल्ला. ड्रमच्या तोंडावर दोन आट्यांची भोकं असतात, त्यात बोल्ट फिरवत गेलं की ड्रम आपोआप बाहेर सरकतो. मी ती भोकं इतकी वर्षं पाणी जायला ठेवलीत असं समजत होतो. जुना स्टड मागे सरकला तरी ब्रेकच्या पत्र्याला अडतो. एक्सल फिरवत फिरवत एका ठिकाणी जेमतेम फट मिळते, तिथूनच जुना निघतो आणि नवा आत जातो. काही गाड्यांत ही फट नसते, तिथे एक्सल ओढावा लागतो. मजुरी ठरवण्याआधी हे विचारून घ्या.

नवा स्टड आत ओढून घेताना आम्ही एक वाया घालवला. रीत अशी की स्टडवर तीन-चार वॉशर घालायचे, नट उलटा, सपाट बाजू आत करून लावायचा आणि हळूहळू आवळत स्टड दात्यांसकट खेचून घ्यायचा. मिस्त्रींच्या हाताखालच्या पोराने घाईत त्यावर गन लावली. दाते जुन्या खाचांत नीट बसलेले नव्हते, स्टड तिरका गेला आणि पहिल्या चार आट्यांची वाट लागली. मिस्त्री पोराला काय म्हणाले ते इथे लिहिता येणार नाही. पुढचे पाच लांब दांड्याच्या पान्याने, हाताने ओढले. वाया गेलेल्याच्या जागी दुसरा आणायला मीच गेलो. प्रेसची सोय असेल तर प्रेसच बरा, पण त्यासाठी एक्सल काढावा लागतो.

मग ड्रमचं आणि डिस्कचं तोंड तारेच्या ब्रशने लख्ख केलं, रंग खरवडला. डिस्कची भोकं तपासली. एक भोक किंचित अंडाकृती झालं होतं. ती डिस्क स्टेपनीलाही नको म्हणून मिस्त्रींनी बाजूला टाकायला लावली. हा खर्च स्टडपेक्षा मोठा होता आणि मला तेव्हा अजिबात पटला नव्हता. आता पटलाय.

तेलाबद्दल आमच्याकडे दोन पंथ आहेत. मी आधी आट्यांना ऑइल लावणाऱ्यातला. अडचण अशी की पान्यावर लावलेल्या जोरातला बहुतेक जोर घर्षणातच जातो, स्टड ताणायला दहा टक्क्यांच्या आसपासच उरतो. आट्यांना तेल लागलं की घर्षण कमी होतं, आणि पान्यावर तोच ११० चा आकडा असताना स्टड कितीतरी जास्त ताणला जातो. माझ्या पुस्तकात कोरडे आटे लिहिलेत, म्हणून कोरडे. गंज ब्रशने काढतो, बाकी काही नाही.

खरी खरेदी स्टड नव्हेच, टॉर्क पाना, म्हणजे आवळायचा जोर आधी ठरवून ठेवता येतो असा पाना. २,८०० रुपये. घरी शिव्या खाल्ल्या. जोर पुरला की तो टक् करतो, तिथे थांबायचं. पहिल्यांदा वापरला तेव्हा वाटलं बिघडलाय, इतक्या लवकर टक् झालं. वडिलांनी तर "एवढ्यावर चाक राहतं होय रे?" म्हणून परत हाताने आवळायला घेतलं. त्यांना थांबवणं स्टड बदलण्यापेक्षा अवघड गेलं. वडिलांनी जुन्या जीपवर दिवस काढलेत. त्या जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असायचे, आणि ते माहीत नसलेला माणूस सोडायच्या नादात आवळून आवळून स्टड तोडायचा. ते त्यांचे आवडते किस्से आहेत.

आठ महिन्यांचा हिशेब असा. पहिल्या ७० किलोमीटरनंतर पाना लावला तेव्हा सहापैकी चार नट थोडे फिरले, साधारण पाव फेरीच्या आत. पाचशे किलोमीटरला एकच नट फिरला, तोही जेमतेम. त्यानंतर दर महिन्याला बघतो, एकही हलत नाही. ओघळ नाहीत, आवाज नाही. दोन पंक्चर झाले, दोन्ही वेळा टायरवाल्याला गन बाजूला ठेवायला लावली आणि माझा पाना दिला. एक हसला, पण त्याने आवळले. दुसरा म्हणाला, "शेठ, एवढा वेळ कोण घालवतं?" त्याच्याकडे पुन्हा गेलो नाही.

तक्रारी दोन. स्टडच्या बाहेरच्या टोकाला पावसाळ्यानंतर गंज धरलाय. मुलामा फार पातळ आहे, ८० रुपयांत एवढं तरी चालायला हवं होतं. आणि टॉर्क पान्याची डबी तकलादू निघाली. कडी तिसऱ्या महिन्यात तुटली, आता सायकलच्या ट्यूबने बांधलीय. पाना वापरून झाला की आकडा सगळ्यात खाली फिरवून ठेवावा लागतो, नाहीतर आतली स्प्रिंग दबलेली राहते. हे मी दोनदा विसरलो.

मागच्या उजव्या चाकाचे स्टड अजून जुनेच आहेत. गेल्या आठवड्यात तिथला एक नट पान्याखाली अर्धी फेरी फिरला आणि टक् झालंच नाही, पाना नुसता मऊ जात राहिला. म्हणजे स्टड ताणला जातोय. त्या नटाला पुन्हा हात लावला नाही आणि त्या दिवसापासून गाडी दारात उभी आहे. १०.९ च्या ठशाचे सहा आणलेत, वर एक जास्तीचा. उद्या सकाळी मिस्त्री घरी येतोय, पोराला न घेता.