स्वस्तातलं सायकल जीपीएस घेताय? आधी बॅरोमीटर बघा

दोन वर्षं मोबाईलच हँडलला लावून फिरलो, उन्हात स्क्रीन दिसायची नाही आणि लांबच्या राईडला बॅटरी अर्ध्यातच मान टाकायची, म्हणून शेवटी साधं ब्लॅक अँड व्हाईट युनिट घेतलं. ऊन पडलं की याचे आकडे उलट जास्त ठळक दिसतात, बॅकलाईट लागतच नाही, त्यामुळे चार्जिंग पण मस्त टिकतं.

बाकी काही नसलं तरी चालेल पण बॅरोमीटर, म्हणजे हवेच्या दाबावरून उंची मोजणारा सेन्सर, पाहिजेच. नुसत्या जीपीएसची उंची फार हलते, माझ्या आधीच्या युनिटमध्ये बॅरोमीटर नव्हता तर सिग्नलला उभा असताना पण चढ मोजत बसायचं, इतका वैताग यायचा ना! हवा बदलली की बॅरोमीटर पण थोडा सरकतो, म्हणून निघताना उंची सेट करून घ्या.

गॅलिलिओ, ग्लोनास (जीपीएससारख्याच युरोप आणि रशियाच्या उपग्रह यंत्रणा) असेल तर झाडीत ट्रॅक बरा येतो. हार्टरेट पट्टा असेल तर तो ब्लूटूथवर जोडतो की अँट प्लसवर (सेन्सर जोडायची दुसरी वायरलेस पद्धत) ते आधी बघा. माझ्या युनिटमध्ये नकाशा नाहीये, जीपीएक्स फाईल (रस्त्याचा ट्रॅक असलेली फाईल) टाकली की नुसती रेघ दिसते, वळण चुकलं तर रेघ बाजूला जाते मग कळतं. मला तेवढं पुरतं.